गुलाब उस्तादांचं मशीन

पद्मावती वहिनी जीपमधून उतरली ती अनवाणीच. एप्रिलचं ऊन, दुपारचा दीड वाजलेला, आणि ती तापलेल्या फरशीवरून पळत माझ्या वर्कशॉपमध्ये शिरली. पदराखालून तिनं फडक्यात बांधलेलं जड गाठोडं काढलं आणि माझ्यासमोरच्या टेबलावर आदळलं.

"भाऊजी, आधी हे घ्या. मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या."

फडक्याची गाठ सुटली. आत पितळी दाते चमकले. सहा वर्षं मी जो गिअर शोधत होतो तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पडला होता.

"धनपालनं पाठवला?" मी विचारलं.

"कारखान्यात पाइप पडलाय त्यांच्या पायावर. हालत न्हाई, उचलत न्हाई. गॅसनं कापू नका, बाजूला स्पिरिटची टाकी हाय म्हणालेत. शांतवनला बोलवा म्हणालेत. तेवढंच बोलालेत सारखं." तिनं माझा हात ओढला. "चला ओ भाऊजी."

हे आमचं वैर समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून आधी ते सांगतो.

मी आणि वहिनीचा नवरा धनपाल मगदूम, दोघंही गुलाब उस्तादांचे चेले. मिरजेत रेल्वे फाटकाजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. त्यांच्याकडे एक इंग्रजी बनावटीचं पॉवर हॅक्सॉ होतं, उचलून कुठंही नेता येईल असं. पुलाचं काम करून गेलेल्या कुठल्याशा कंपनीनं ते मागं टाकलं होतं. नावाची पट्टी घासून गेली होती, शेवटचे चार आकडे तेवढे वाचता यायचे. पाइपाला किंवा रुळाला साखळीनं आवळायचं, कॉम्प्रेसरची नळी जोडायची, की करवतीचं पातं आपोआप मागंपुढं चालायला लागायचं. वीज नाही, ज्योत नाही, ठिणगी नाही. जिथं आग न्यायला माणसं घाबरायची तिथं उस्तादांना बोलावणं यायचं.

उस्ताद वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेलो तर धनपाल मशीन खोलून बसलेला. गिअर आणि पात्याला ढकलणारी दांडी फडक्यावर काढून ठेवलेली.

"कशाला खोललंस?" मी म्हटलं.

"माझं हाय, म्हणून खोललं. उस्ताद मला बोलले होते."

"मला बोलले होते."

"तुला?" तो हसला. "तू पोती उचलायच्या लायकीचा. तुला त्यातलं काय कळतंय?"

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याचे पुढचे दोन दात माझ्या मुठीत रुतले, त्याचा व्रण अजून आहे. त्यानं ती लोखंडी दांडी उचलून माझ्या बरगडीवर घातली, एकदा नाही, चार वेळा. मी त्याचं डोकं धरून व्हाइसच्या लोखंडी जबड्यावर आपटलं. उस्तादांची बायको दारात उभी राहून किंचाळत होती, आणि आम्ही तिच्या पायाशी कुत्र्यांसारखे लोळत होतो. शेवटी माझा श्वास अडकला. मी खाली पडलो, तेवढ्यात धनपालनं गिअर आणि दांडी पिशवीत कोंबली आणि रक्त थुंकत निघून गेला.

तेव्हापासून मशीनचा सांगाडा माझ्याकडे आणि त्याचं काळीज त्याच्याकडे. उस्तादांच्या बायकोनं दोघांनाही परत दारात उभं केलं नाही. मी वेगळं वर्कशॉप टाकलं. तो कारखान्याची कंत्राटं घ्यायला लागला. रस्त्यात दिसलो तर आम्ही थुंकायचो.

त्या सहा वर्षांत मी काय काय केलं! मुंबईच्या जुन्या एजंटाला पत्रं लिहिली. मशीन वीस वर्षांपूर्वीच बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. पुण्याचा भंगार बाजार पालथा घातला. कामचलाऊ दांडी मीच घडवली. कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन लाकडी नमुना करून गिअर ओतून घेतला, पण मूळ माप इंचाचं, दाते एक्केचाळीस, तिरपे. पहिला गिअर चार फेऱ्यांत बोडका झाला. दुसरा अर्धा पाइप कापेपर्यंत टिकला. तिसऱ्याचे दाते उडून माझ्या गालात घुसले. तरीही दर शनिवारी मी मशीन उघडायचो, रॉकेलनं धुवायचो, हवेच्या झडपेतली चामड्याची चकती तेलात भिजवून ठेवायचो. माझी बायको एस्तेर म्हणायची, "लेकराला न्हाऊ घालावं तसं घालताय त्याला. ते काय आता उठून चालणार हाय?"

आणि आता तो गिअर माझ्यासमोर होता. मी उचलला. हाताला तेल लागलं. ताजं तेल. एकाही दात्यावर डाग नव्हता. धनपालनंही सहा वर्षं तो पुसून ठेवला होता.

"वहिनी, दांडी कुठाय?"

"जीपमध्ये हाय."

मी मशीन जीपमध्ये चढवलं.

साखर कारखान्याचा हंगाम संपलेला होता, दुरुस्त्या चालू होत्या. डिस्टिलरीच्या मागच्या बाजूला पंधरावीस माणसं गोळा झालेली. टाकीकडे जाणारी जाड, सहा इंची जुनी लाइन उतरवताना वरचा आधार तुटला होता. पाइपाचं एक टोक अजून वर भिंतीत गाडलेलं, दुसरं काँक्रीटच्या ओट्यावर आदळलेलं, आणि पाइप-ओट्याच्या मधे धनपालचा उजवा पाय, गुडघ्याच्या खाली. जॅक बसवायला जागा नव्हती. पहारीनं उचलायला गेले की वरून माती आणि विटा सुटायच्या. बाजूला हातभर अंतरावर स्पिरिटची टाकी उभी.

धनपालचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बघून त्यानं डोळे मिटले, परत उघडले.

"आलास?"

"आलो."

"दांडीची पिन गंजली असंल. गिअर बघितला, दांडीकडं दुर्लक्ष झालं."

एवढंच तो बोलला. सहा वर्षांनंतर आमच्यात झालेलं पहिलं बोलणं हे असं होतं.

मी तिथंच जमिनीवर गोणपाट अंथरून मशीन मांडलं. पिन खरंच गंजली होती. पॉलिश पेपरनं घासायला घेतली. कारखान्याचे इंजिनिअर खराडे साहेब माझ्या डोक्यावर उभे.

"किती वेळ लागेल?"

"जोडायला अर्धा तास. कापायला वीस मिनिटं."

"अर्धा तास? अहो, माणूस मरेल तोवर."

"साहेब, टाकी धुतली आहे का?"

"रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे धुतलेली नव्हे. वाफ राहते आत."

"नलवडे केमिस्टना माहीत. ते सांगलीला गेलेत." साहेब घाम पुसत होते. "तुम्ही हात चालवा."

मी हात चालवले. गिअर जागेवर सरकला तो असा, जणू काल काढला होता. हातानं फिरवून बघितलं. दाता दात्यात बसत होता, कुठं खरखर नाही. कारखान्याचा कॉम्प्रेसर लांब गेटजवळ ठेवून नळी ओढून आणली. हवा सोडली तर झडपेतून फुस्स करून गळती. ऐन वेळेला चामड्याची चकती फाटली होती. मी माझी चप्पल काढली, पट्ट्याचं चामडं ब्लेडनं गोल कापलं, तेलात बुडवलं, बसवलं. यात आणखी दहा मिनिटं गेली.

तेवढ्यात धनपाल किंचाळला. वरून पाइप बोटभर खाली सरकला होता. ओट्यावरून रक्ताची धार खाली आली. पद्मावती वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला नजर काढून घ्यावी लागली.

"बास झालं!" खराडे साहेब ओरडले. "यल्लाप्पा, आण तुझा गॅस."

यल्लाप्पा कारखान्याचा गॅस कटर. चाळिशीतला, काटक, कमी बोलणारा. माझी त्याची नुसती तोंडओळख होती. त्याची सिलिंडरची गाडी कोपऱ्यावर तयारच होती. त्यानं लांबच टॉर्च पेटवला, ज्योत निळी करून घेतली आणि नळी ओढत आमच्याकडे यायला लागला.

"यल्लाप्पा, थांब," मी म्हटलं. "मशीन तयार हाय माझं."

"साहेबांनी सांगितलंय."

"टाकीत वाफ असंल तर सगळे जातील."

"पाच मिन्टात कापतो. लांबनं कापतो." तो थांबला नाही. माझ्याजवळून पुढं गेला. पाइपापासून तो दोन पावलांवर होता.

माझ्या हातात अठराचा पाना होता. मी उठलो आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला.

ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. टॉर्च त्याच्या हातातून पडला, जमिनीवर पेटलेलाच गरगरला. यल्लाप्पा ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यावर बसला आणि नको तिथं वाकलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिला. तो हलेल असं वाटून मी परत एकदा मारलं, त्याच जागी. दुसऱ्या वेळेला तो ओरडला.

कुणीतरी धावत जाऊन सिलिंडरचा नळ बंद केला. मग सगळे माझ्यावर आले. धनपालची माणसं होती ती, त्यांना आमचं जुनं माहीत होतं.

"मुद्दाम करालाय ह्यो! मालकाला मारायला आलाय!"

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा भुवईवर, कशाचा ते कळलं नाही, पण डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि जग अर्धं लाल झालं. मी मशीनवर पालथा पडलो, दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. लाथा माझ्या कुल्ल्यांवर, मानेवर बसत होत्या. एकानं माझे केस धरून डोकं मागं ओढलं.

"सोडा त्याला!" तो आवाज धनपालचा होता. कुठून आणला होता कोण जाणे. "सोडा रे भडव्यांनो! मशीन लावू दे त्याला!"

हात थांबले. मी उठलो. भिंतीकडच्या तुकड्याला साखळीच्या कप्पीचा चेन ब्लॉक बांधून घेतला, म्हणजे कापल्यावर तो खाली बसणार नाही. मग मशीनची साखळी पाइपाला आवळली, पात्यावर पाण्याची धार धरायला एकाला उभं केलं आणि हवा सोडली.

ते चाललं.

मला दुसरा शब्द सापडत नाही. सहा वर्षांनी ते श्वास घेतल्यासारखं चाललं. मागं, पुढं, मागं, पुढं. पातं लोखंडात उतरायला लागलं. पण पाइपाची प्रत्येक थरथर धनपालच्या मोडलेल्या हाडात जात होती. पात्याच्या प्रत्येक झटक्याला तो ओरडत होता, मशीनच्या तालात ओरडत होता. वहिनीनं पदराचा बोळा त्याच्या दातांत दिला. थोड्या वेळानं तो बोळा लाल होऊन बाहेर पडला. एक पातं तुटलं. मी हवा बंद करून दुसरं लावलं, तेव्हा तो म्हणाला, "थांबू नको. थांबवू नको रे." माझ्या भुवईतलं रक्त पात्यावर ठिबकून पाण्यात मिसळत होतं. मी घड्याळ बघितलं नाही. नंतर लोक बावीस मिनिटं म्हणाले.

पाइप सुटला. आठ जणांनी खालचा तुकडा उचलला. त्याखालून निघालेल्या पायाकडे मी एकदाच बघितलं.

मिरजेच्या दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली काढावा लागला, पण धनपाल वाचला. त्याच दवाखान्यात, दोन खाटा सोडून यल्लाप्पा. मनगटाचा चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील, पण मूठ वळणार नाही.

माझ्यावर पोलीस केस होणार होती. झाली नाही. दुसऱ्या दिवशीच वारं फिरलं. खराडे साहेबांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, शांतवन मिस्त्रीनं मोठा स्फोट टाळला, नाहीतर डिस्टिलरीच्या विटा मिरजेत सापडल्या असत्या. सांगलीच्या पेपरात आलं. ज्यांनी मला तुडवलं होतं ते घरी येऊन पाया पडून गेले. कारखान्यानं ठरवलं, एक मेच्या दिवशी माझा सत्कार करायचा.

सत्काराच्या चार दिवस आधी नलवडे केमिस्ट माझ्या वर्कशॉपमध्ये आले. मी स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला एक सांगायला हवं. ती टाकी मी आदल्या दिवशी दोनदा पाण्यानं भरून सोडली होती. वाफेनंही धुतली होती. आत कुणी कंदील घेऊन उतरला असता तरी काही झालं नसतं."

मी हातातली कानस खाली ठेवली.

"तुम्हाला काय माहीत असणार?" ते म्हणाले. "तुम्ही योग्यच केलंत. पण मला झोप लागेना, म्हणून सांगितलं. बाहेर बोलू नका. साहेबांनी स्फोटाचं सगळीकडे सांगितलंय, त्यांची अडचण होईल."

ते गेले. मी शटर ओढलं आणि आत बसून राहिलो.

आता जे सांगतो ते मी एस्तेरलासुद्धा सांगितलं नव्हतं. यल्लाप्पा माझ्याजवळून पुढं गेला तेव्हा माझ्या डोक्यात टाकी नव्हती. वाफ नव्हती, माणसं नव्हती, धनपालचा पायही नव्हता. पाच मिन्टात कापतो, हे त्याचे शब्द होते फक्त. सहा वर्षांनी माझं मशीन पूर्ण झालं होतं, हवा भरून तयार होतं, आणि हा माणूस पाच मिनिटांत त्याचं काम संपवून टाकणार होता. ते मला सहन झालं नाही. पाना उचलला तो त्यासाठी. दुसऱ्यांदा मारलं तेही त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यल्लाप्पाच्या घरी गेलो. कारखान्याच्या चाळीत शेवटची खोली. तो मागच्या अंगणात बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. बायको पाणी भरायला गेली होती. बाजूला रुळाचा एक तुकडा पडला होता. घरची किरकोळ ठोकाठोक तो त्यावर करायचा.

"बसा," तो म्हणाला.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नलवडे काय म्हणाले ते. मग माझ्या डोक्यात काय होतं ते. काही सोडलं नाही.

यल्लाप्पा ऐकत राहिला. मग म्हणाला, "टॉर्च पडला तवा पेटलेलाच होता. टाकीच्या बुडाशी गरगरला. मग भडका का उडाला न्हाई? पंधरा दिस मी ह्योच इचार करालोय."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं न्हवं ते." त्यानं माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्यांदा मारलंस तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो."

तो उठला. भिंतीला टेकवलेला हातोडा डाव्या हातानं उचलला आणि रुळाकडे मान हलवली.

"ठेव."

मी खाली बसलो आणि उजवा हात रुळावर ठेवला. पळून जावंसं वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण हात ठेवला.

डाव्या हाताची सवय नसल्यानं पहिला घाव चुकला, रुळावर बसला आणि अंगणभर घणघण वाजला. दुसराही चुकला, माझ्या मनगटाला घासून गेला. यल्लाप्पा धापा टाकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही. तिसरा बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझाच आहे हे मला कळलं नाही.

हातोडा खाली पडला. आम्ही दोघंही मातीत बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच्या डोक्याचा टॉवेल काढला आणि एका हातानं, दातात टोक धरून, माझ्या बोटांना गुंडाळला.

"मी सत्काराला जाणार नाही," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर खरं सांगणार."

"अजिबात न्हाई." तो इतक्या जोरात बोलला की मी दचकलो. "माझी बायको नळावर सांगत्या, ह्यांचा हात गेला पर वीस माणसं वाचली. पोरीच्या सासरची माणसं बघून गेली, ती बी तेच बोलली. कारखान्यानं गेटवर बसायची नोकरी दिली ती बी त्यापायीच." त्यानं गाठ आवळली. "तू खरं सांगितलंस तर माझा हात कशासाठी गेला? एका येड्याच्या मशीनसाठी? तू जायचं. शाल घ्यायची. आणि गप बसायचं."

तेवढ्यात त्याची बायको घागर घेऊन आली. माझा रक्तानं भिजलेला हात बघून ती जागीच थांबली.

"काय झालं ओ?"

"मशीनमध्ये सापडली बोटं," यल्लाप्पा म्हणाला. "च्या टाक."

धनपालनं गिअर कधी परत मागितला नाही. ते मशीन पुढं नऊ वर्षं मी चालवलं, तीन बोटांनी. तो लाकडी पाय लावून यायचा, बाजूला बसायचा, पात्याचा आवाज ऐकायचा. त्याला मी कधी सांगितलं नाही. आता तो नाही, यल्लाप्पाही मागच्या वर्षी गेला, म्हणून सांगतोय.

एक मेच्या दिवशी मी सत्काराला गेलो. मांडव भरला होता. खराडे साहेबांनी भाषण केलं, माझ्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. तो मी डाव्या हातानं घेतला. उजवा शालीखाली होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यल्लाप्पा पहिल्या रांगेत बसला होता, नवा सदरा घालून, बायकोच्या शेजारी. त्याला टाळी वाजवता येत नव्हती. तो माझ्याकडे एकटक बघत डाव्या हातानं आपल्या मांडीवर थापा मारत होता, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही तो थांबला नाही.